अर्ध्या कोयत्याची धार

आमच्याकडे ऊसतोडीला जाणारी माणसं माणसांत मोजत नाहीत, कोयत्यांत मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम म्हणाला, "औंदा बारा कोयते न्यायलोय," की चोवीस माणसं समजायची. जोडीतलं एक मेलं किंवा अंथरुणाला खिळलं की मागे उरतो तो अर्धा कोयता. मी याच गावची लेक, याच गावच्या शाळेत अकरा वर्षं शिकवते, हे शब्द ऐकतच वाढले. तरी कुणी एखाद्या धडधाकट बाईला तोंडावर अर्धा कोयता म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. अर्धी म्हणजे काय? तिचे हात अर्धे आहेत का? तिला भूक अर्धी लागते का? पण हे विचारायचं कुणाला, सगळेच तसं बोलतात. अर्धी बाईसुद्धा स्वतःला तसंच म्हणवते.

भिवराकाकू गेली सात वर्षं अर्धा कोयता आहे. शहादेवकाका उसाच्या ट्रॉलीखाली सापडले त्या वर्षापासून. वय पंचावन्नच्या आसपास, अंगानं काटक, आवाज असा की गल्लीच्या त्या टोकाची शेळी मान वर करते. आमची भिंतीला भिंत. तिचा माझ्यावर फार जीव आहे असं लोक सांगतात, मला आजवर शिव्याच ऐकू आल्या आहेत.

तर टोळीच्या सगळ्या कोयत्यांना धार काकू लावते. यंत्रावर नाही, हातानं. आणि यातही एक मेख आहे. शहादेवकाका होते तोवर गाव तिला "शहादेवची धार" म्हणायचं. काका ओट्यावर तंबाखू मळत बसायचे, आल्या-गेल्याशी गप्पा मारायचे, आणि शेजारी खाली मान घालून काकू पाती घासायची. शाबासकी काकांना. काका गेले तेव्हा दहाव्यालाच दोघेजण हळहळत तिला म्हणाले, "शहादेव गेला, आता धार कोण लावंल?" काकू म्हणाली, "जी लावत व्हती तीच." आणि आत निघून गेली. त्यानंतर धारेला कुणाचंच नाव राहिलं नाही, नुसती धार.

ओट्यावर पोतं टाकून ती बसते. उजवा पाय लांब, डावा दुमडलेला. कोयत्याची मूठ दुमडलेल्या मांडीखाली दाबायची आणि पातं बाभळीच्या ठोकळ्यावर टेकवायचं, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. मग कानस. कानस पुढे ढकलायची, परत आणताना उचलून आणायची, ओढायची नाही. मी एकदा हौसेनं बसले आणि ओढत मागे आणली, तर तिनं माझ्या मनगटावर चापट दिली. "कानशीचे दात मरत्यात तसं. खरकटी कढई खरवडायलीस काय?"

मुठीकडून टोकाकडे, एका दमात, दर वेळी तोच कल. कल बदलला की धार वेडीवाकडी होते, कोयता उसात शिरायच्या ऐवजी घसरतो, आणि घसरलेला कोयता नडगीवर येतो. एका बाजूनं घासत गेलं की दुसऱ्या बाजूला लोखंडाची बारीक कड वळते. ती डोळ्याला दिसत नाही, अंगठा आडवा फिरवला की लागते. लागेपर्यंत थांबायचं नाही. लागली की कानस खाली ठेवायची आणि ओला दगड हातात घ्यायचा. तळहाताएवढा दगड, वापरून मधे खोलगट झालेला. तो पात्यावरून गोल गोल फिरवत ती कड उतरवायची. शेवटी अंगठ्याच्या नखावर पातं अलगद टेकवून बघायचं. सरकलं तर बोथट आहे, जागच्या जागी अडकलं तर धार आली.

पण कानस लावायच्या आधी ती प्रत्येक कोयत्यामागे एक प्रश्न विचारते. "हात कुणाचा?" डावऱ्याची धार दुसऱ्या अंगानं काढावी लागते. बुडातून ऊस तोडणाऱ्याचा कोयता मातीला, खड्याला लागतो, त्याची धार जाड ठेवावी लागते. शेंडे उडवणारीची पातळ चालते. गावातला प्रत्येक हात तिला माहीत आहे. कुणाचा खांदा उतरलाय, कुणाच्या मनगटात गाठ आहे, कोण रागात वार करतो, कोण घाबरत करतो, सगळं. फडात गेल्यावरही इतर बायका चुली पेटवतात तेव्हा ही सगळ्या टोळीची पाती घासते आणि मग स्वतःची भाकरी थापते. हे काम कुठल्या लिस्टीत नसतं. बाईनं केलं म्हणजे ते आपोआप झालं, असा आमच्याकडे समज आहे.

यंदा टोळी शुक्रवारी निघणार होती. बुधवारी सकाळी तानाजी मुकादमानं कोयत्यांचं पोतं काकूच्या ओट्यावर आणून टाकलं. तानाजी दिसायला राक्षस वगैरे नाही. पांढरा शर्ट, गोड बोलणं, म्हाताऱ्यांच्या पाया पडणं. त्यानं पोत्यातून एक कोयता बाजूला काढला. लोहाराकडून नुकताच आलेला, हलका, आखूड मुठीचा.

"ह्यो बी घ्या, काकू."

"हात कुणाचा?"

"तुमच्या रोहिणीचा."

रोहिणी काकूची नात. तिची आई बाळंतपणात गेली, बापानं दुसरं लग्न केलं, आणि पोर आजीपाशी वाढली. माझ्या वर्गात आठवीला आहे. काकू तोडीला जाते तेव्हा ती गावातच काकूच्या जावेकडे, सुंदरबाईकडे राहते आणि शाळेत येते. आजवर एकदाही फडावर गेलेली नाही. काकूनं तेवढी एक गोष्ट धरून ठेवली होती. बाकी सगळं सोडलं होतं.

"ती शाळंत जाती," काकू म्हणाली.

"शाळा काय पळून चालली का? कारखान्याला बारा कोयते कबूल केल्यात. जोड्या हायत अकरा. तुमी अर्ध्या, रोहिणी अर्धी, झाले बारा. औंदा नुसत्या अर्ध्याला जागा न्हाई काकू. पुरा भरा, न्हाईतर घरी बसा."

"माजी जोड दुसऱ्या कुणासंगं लाव."

"परक्या बाप्यासंगं लावू? गाव थुकंल माज्यावर."

मी शाळेला निघाले होते, दारातच थांबले. म्हटलं, "तानाजी, ती चौदाची पण नाही. गुन्हा आहे हा."

तो हसला. "मॅडम, तुमची हजेरी तुमच्यापाशी, माजी माज्यापाशी." आणि गाडीला किक मारून गेला.

मी तणतणत शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, वरून काही पत्र आलं तर बघू. मुलीला घेऊन जाणारा ट्रक परवा निघतोय आणि हे पत्राची वाट बघणार! मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. घरी आले तेव्हा वाटलं होतं काकू रडत असेल, निदान भांडत तरी असेल. ती कानस मारत होती. सगळा दिवस तिनं मान वर केली नव्हती.

ऊन कलल्यावर लोक कोयते न्यायला आले. ओट्यावर तेवीस कोयते ओळीनं मांडलेले होते. चोविसावा, आखूड मुठीचा, तसाच पोत्यात होता. बबिता नावाची एक तोंडाळ सून आहे टोळीत, तिनं आपला उचलला आणि सवयीप्रमाणे कडब्याच्या धांड्यावर मारला. धांडं तुटलं नाही, नुसतं ठेचलं. तिनं पातं उन्हात धरलं. मुठीपासून मध्यापर्यंत धार लखलखत होती, आणि मध्यापासून टोकापर्यंत, म्हणजे जिथे ऊस लागतो तिथे, लोखंड पोत्यातून आलं तसं काळंच होतं. दुसऱ्यानं उचलला. तिसऱ्यानं. सगळे तसेच. कल सरळ, धार बिनचूक, आणि बरोबर मध्यावर थांबलेली.

"काकू, ही तर अर्ध्यातच संपली," बबिता म्हणाली.

"मंग? मी अर्धा कोयता हाय. अर्ध्यानं किती करावं?"

बबिता खदाखदा हसायला लागली आणि तिच्या मागे सगळ्या बायका. मी तर भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. इतक्या वर्षांत त्या शब्दाला कुणी असं उत्तर दिलं नव्हतं.

अभिमन्यू हसला नाही. तो टोळीतला चांगला तोडणारा, त्याची बायको संगीता, आणि दोघांचा सगळा हंगाम त्या धारेवर. तो चिडला. "काकू, तुमच्या अन् मुकादमाच्या भांडणात आमचे हात कावून मोडायलाव?"

"मला कावून इचारतो बे? त्याला इचार, पोरीचं नाव कावून लिवलं."

"तुमची नात हाय म्हणून तुमी—"

"व्हय, माजी नात हाय म्हणून!" काकू ओरडली. "तुमच्या धारंसाठी मी ईस वर्सं कंबर मोडून घेतली, तवा कुणी इचारलं न्हाई काकू तुजी कंबर कशीय. आता अर्धी दिसली की डोळे उघडले व्हय रे?" कोयते तिथेच टाकून सगळे गेले.

गुरुवारी तानाजीनं अक्कल चालवली. दोन कोयते गाडीला बांधून तो सिरसाळ्याला गेला आणि वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडरवर धार लावून तासाभरात परत आला. "पाच मिंटांत दोन," असं सांगत त्यानं ते ओट्यासमोर सगळ्यांना दाखवले. पाती आरशासारखी चमकत होती. काकूनं एक घेतलं, उलटंपालटं केलं आणि कडेला एक निळसर पट्टा होता त्यावर बोट ठेवलं.

"पाणी उतरलं ह्याचं."

लोहार तापलेलं पातं पाण्यात बुडवून त्याला जो टणकपणा आणतो, त्याला पाणी म्हणतात. यंत्राखाली पातं पुन्हा तापलं की ते पाणी जातं, आणि मागे राहतो नुसता पत्रा. कानस हातानं चालते, म्हणून लोखंड तापत नाही. तानाजी सात वर्षं मुकादमी करतोय, पण त्याला हे ठाऊक नव्हतं, कारण त्यानं कधी कोयता धरलेलाच नाही. अभिमन्यूनं तो कोयता घेऊन बाभळीच्या ओंडक्यावर एक घाव घातला. पत्र्याच्या डब्याचं झाकण दुमडावं तशी धार दुमडली. त्यानं दुसऱ्याचंही तेच केलं आणि दोन्ही तानाजीच्या पायाशी टाकले.

आता चिडायची पाळी टोळीची होती. ट्रक उद्या निघायचा, आणि पहिल्याच आठवड्यात बोथट कोयत्यानं तोडायचं म्हणजे महिनाभर खांदा धरून बसायचं. बबिता म्हणाली, "रोहिणीचं नाव खोडा, न्हाईतर आमी ट्रकात चढत न्हाई." दोघी-तिघी ओट्यावर बसकण मारून बसल्या. तानाजीनं इकडे तिकडे बघितलं. त्यानं वही काढली, पेन काढलं आणि माझ्या डोळ्यांसमोर रोहिणीच्या नावावर दोन आडव्या रेघा मारल्या.

"खोडलं. दिसतंय ना, मॅडम? काकू, तुमी अर्ध्याच या. माजी माणसं मी बगतो." असा मुकाट्यानं तो माघार घेईल असं मला वाटलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी घरात जाऊन सगळ्यांसाठी चहा ठेवला.

काकूनं कोयते मांडीखाली घ्यायला सुरुवात केली. त्या दिवशी तिचा हात असा चालला की कानशीचा आवाज गल्लीभर एका लयीत ऐकू येत होता. रोहिणी आणि तिच्या शेजारी बाकावर बसणारी दिपाली, अभिमन्यू-संगीताची मुलगी, दोघी ओट्याखाली बसून दगडावर पाणी टाकत होत्या आणि कशावरून तरी खिदळत होत्या. मोडलेल्या दोन कोयत्यांच्या जागी तानाजीनं नवे आणून दिले. तो आखूड मुठीचाही पुढे सरकवला. "ह्यो बी करून ठेवा काकू, लागंल कुणाला तरी." काकूनं तो घेतला. हात कुणाचा, हे तिनं विचारलं नाही. खुशीत होती. तिनं त्यालाही धार लावली, पूर्ण, टोकापर्यंत, नखावर अडकेल अशी.

शुक्रवारी सकाळी ट्रक शाळेच्या अलीकडे वडापाशी उभा होता. भांडी, सरपण, कोंबड्या, गोधड्या चढत होत्या. मी काकूला निरोप द्यायला गेले, तर ट्रकच्या फाळक्याला धरून दिपाली उभी. अंगात शाळेचाच सदरा, आणि हातात फडक्यात गुंडाळलेला तो आखूड मुठीचा कोयता. दिपाली तेरा वर्षांची आहे. दरवर्षी ती आजीपाशी मागे राहते.

मी संगीताला बाजूला ओढलं. "हे काय आहे?"

ती माझ्याकडे बघेना. "बारा भरायचे व्हते ना, बाई. मुकादम काल सांच्याला घरी आलता. म्हणला, भिवराकाकू अर्धी, तुमचा दीड करा, म्हंजे बारा. न्हाई म्हणलं तर आमची जोड बी घेत न्हाई म्हणला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी लई खुशीत व्हत्या, बाई. समद्यांना चहा पाजला."

मी तानाजीवर धावून गेले. गावातली माणसं बघत होती, बघू देत. जे तोंडाला आलं ते बोलले. तो शांत. "मॅडम, रोहिणीचं नाव खोडा म्हणलात, खोडलं. दिपालीचं कोण म्हणलं? एकानं बी म्हणलं का?" आणि तो ड्रायव्हरकडे वळला. मला आयुष्यात कुणाच्या कानाखाली मारावंसं इतकं कधी वाटलं नव्हतं. मारली नाही. कारण एकानंही म्हटलं नव्हतं, हे खरं होतं.

तेवढ्यात काकू गाठोडं घेऊन आली. तिनं दिपालीला बघितलं, फडकं बघितलं. तिनं कोयता पोरीच्या हातातून घेतला, फडकं सोडलं आणि वडाच्या पारावर पातं धारेकडून आपटलं. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. दगडातून ठिणग्या उडाल्या. धारेचे दात पडले. आयुष्यात तिनं कोयता बोथट केल्याचं मी पहिल्यांदा पाहत होते. दिपाली घाबरून आईच्या मागे लपली.

"ऱ्हाऊ द्या काकू," तानाजी म्हणाला. "फडावर दुसरा देतो तिला."

काकूनं कोयता टाकला. ती माझ्याकडे आली, आणि मला वाटलं आता मलाच मारते. "मी माजीच पोर काढून घेतली गं, सत्यशीला. समद्या पोरींची नावं काढ म्हणायला पायजे व्हतं. येडी मी, अर्धी धार ठेवून शाणपणा दावला. एका बी कोयत्याला हात लावायचा नव्हता." तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा, तो त्या दिवशी मला एकटीलाच ऐकू आला.

"तू नको जाऊस," मी म्हटलं. "तू गेली नाहीस तर टोळीला धार नाही. अजून थांबवता येईल."

"नवी धार हाय समद्यांची, काल मीच लावली. आठ दिस चालंल. आठ दिसांत पोरगी तिकडं एकटी फडात उभी ऱ्हाईल. मी गेले न्हाई तर तिच्या अर्ध्याला त्यो कुणाचं अर्धं लावंल, सांग मला?" ती फाळक्यावर पाय देऊन वर चढली, दिपालीला हाताला धरून वर ओढलं आणि आपल्या गाठोड्यावर बसवलं. संगीता त्यांच्याकडे पाठ करून बसली.

मी तक्रार दिली आहे. तीन ठिकाणी दिली, तिन्हींच्या पोच माझ्याकडे आहेत, आणि दर सोमवारी फोन करते. पलीकडून मला चौकशी सुरू आहे असं सांगतात. चौकशीला काय जातं? दिपाली तिकडे वाढं, उसाचे हिरवे शेंडे, बांधते आहे. काकूचा निरोप येतो, पोरीला हात लावू देत नाही बुडख्याला, शेंडंच उडवायला ठेवलीय, माज्याजवळ. बास, एवढंच.

ट्रक गेला त्या दिवशी रोहिणी वर्गात आली, आणि सुटीची घंटा झाल्यावर माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"बाई, मुकादमानं वही दाखवली तेव्हा तुम्ही त्यातली बाकीची नावं वाचली होती का? तुम्हाला तर वाचता येतं."

दिपालीचं नाव तेव्हा त्या वहीत होतं की संध्याकाळी चढलं, मला माहीत नाही. मी वाचलंच नव्हतं. मी खोडलेलं एक नाव बघितलं आणि चहा ठेवायला गेले.